हाक देवाची, आज्ञा कुणाची? : पंडिता रमाबाईंच्या नम्रतेची गोष्ट

‘आज्ञाधारक’ हा शब्द आपल्याकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकातच शोभतो. मोठ्या माणसाबद्दल कुणी तो वापरला, तर कौतुकापेक्षा थोडी कीवच वाटते. ख्रिस्ती धर्मात मात्र या शब्दाला फार वजन आहे. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला ‘पाचारण’ म्हणतात, त्याचा साधा अर्थ असा की देव हाक मारतो आणि माणसानं ‘हो’ म्हणून उठायचं. अब्राहाम घरदार सोडून निघतो. मरिया पुढची बदनामी दिसत असूनही होकार देते. योना आधी उलट्या दिशेला पळतो, मग परत येतो.

ऐकायला सोपं आहे. पण मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. निरोप आला की तो नेमका कुठून आला हे तपासायची सवय हाडात भिनलेली. म्हणून मला प्रश्न पडतो, की हाक देवाचीच आहे हे ठरवायचं कुणी? बिशपनं, मठातल्या वडीलधाऱ्यांनी, की जिला ती ऐकू आली तिनं?

मराठीत हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका क्वचितच कुणी जगलं असेल.

पदवी आधी, प्रश्न नंतर

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं ते मुलीला दिलं. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरायचं. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडत १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढच्या चार वर्षांत भाऊ वारला, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मुलगी मनोरमा जन्मली आणि नवराही पटकीनं गेला.

पुण्यात येऊन १८८२मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३मध्ये लहानग्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे ते राहिलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. हाक आली, होकार दिला, संपलं. खरी अडचण इथूनच सुरू झाली.

सिस्टर जेराल्डिनची पत्रं

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणायची. माया खरी होती. पण चर्चनं शिकवलेलं नम्रपणे स्वीकारावं, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाई तर प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारायच्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई भडकल्या. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांमध्ये बोललो आहोत, मग इथं काय बिघडलं, असा त्यांचा सूर होता. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नको, यावरूनही वाद झाला. इंग्लंडात राहूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही.

जेराल्डिनना यात अहंकार दिसला. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते समजतंही. मठात आज्ञापालन हे व्रत असतं, आणि ‘मला वाटतं’ हे दोन शब्द तिथं जड पडतात. रमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीच्या दावणीला बांधून घ्यायला नव्हे, असा त्यांच्या पत्रांचा आशय. आज्ञा देवाची पाळायची, पण देवाच्या नावानं बोलणाऱ्या प्रत्येकाची नाही.

ही पत्रं आपल्यापर्यंत आली ती जेराल्डिननीच जपून ठेवली म्हणून. १९७७मध्ये ती पुस्तकरूपानं छापली गेली. आपल्याशी भांडलेल्या बाईची पत्रं इतक्या निगुतीनं ठेवणं, हीसुद्धा एक नम्रताच.

शारदा सदनाचा पेच

मात्र रमाबाईंना नुसत्या बंडखोर नायिका करून टाकलं तर निम्मी गोष्ट हातातून जाते. अमेरिकेत पैसा उभा करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं, ते पुढं पुण्यात आणलं. ही उच्चवर्णीय विधवांची शाळा, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं ठरलेलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये वादळ उठलं, सल्लागार बाहेर पडले, काही पालकांनी मुली काढून नेल्या. टिळकांच्या ‘केसरी’नं आधीपासूनच झोड उठवली होती.

इथं बाजू घेणं मला सोपं वाटत नाही. स्वतःची प्रार्थना दार लावून करायची का, हा रमाबाईंच्या श्रद्धेचा प्रश्न होता. पण ज्या मुलीला जगात दुसरं छप्पर नाही, तिच्यासाठी आश्रयदातीचं उघडं दार किती उघडं आणि किती ओढणारं? हाच प्रश्न पुढं केडगावलाही उभा राहतो. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःचे दुष्काळातले दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्या मुलींना केडगावच्या ‘मुक्ति’त अन्न, अक्षरं, हातात कसब आणि ख्रिस्त असं सगळं एकत्र मिळालं. त्यांचा जीव वाचला, हे खरं. त्यांच्या होकारात निवड किती होती हे विचारलं पाहिजे, हेही खरं.

पंडितेनं खाली ठेवलेली भाषा

रमाबाईंची नम्रता मला सर्वात जास्त दिसते ती त्यांच्या शेवटच्या कामात. तेव्हाचं मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटायचं. केडगावच्या बायकांना ते कळत नव्हतं. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कामाच्या रगाड्यातून वेळ काढत, वर्षानुवर्षं अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली, आणि तिथं राबणारे हात आश्रमातल्या बायकांचे होते.

मराठी ॲपमध्ये ‘संकेतशब्द पुनर्स्थापित करा’ असं वाचून गोंधळलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. लिहिणाऱ्याला शब्द येतो, वापरणाऱ्याला नाही. अशा वेळी आपण बहुधा वापरणाऱ्यालाच अडाणी ठरवतो. रमाबाईंनी उलट केलं. ज्या संस्कृतनं त्यांना पदवी दिली, मान दिला, तेच त्यांनी बाजूला ठेवलं. विद्वानांच्या सभेत कुणापुढं न वाकलेली ही बाई नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईपुढं वाकली.

१९२१मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं ते १९२४मध्ये.

जेराल्डिन आज्ञापालन वरच्या दिशेनं मोजत होत्या. बिशप काय म्हणतात, मठ काय म्हणतो. त्या मापानं रमाबाई नापास. पण ज्या ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले असं शुभवर्तमान सांगतं, त्याच्या मापात दिशा खालची आहे. हाक खरी होती की मनाचा हट्ट, याचा पुरावा मागायचा तर तिथं मागावा. हाक ऐकल्यावर माणूस कुणापुढं ताठ उभा राहिला, आणि कुणापुढं वाकला?