हॉटेल-ढाब्यावरचं अन्न कोण तपासतं? तक्रार कुठे आणि कधी करायची? वाचा सविस्तर

आठवडी बाजाराला गेल्यावर हॉटेलात मिसळ-भजी खाल्ली आणि रात्री घरात दोघा-तिघांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर लोक ग्रामपंचायतीत नाहीतर पोलीस ठाण्यात जातात. पण हॉटेलातलं अन्न तपासायचा अधिकार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे आहे. त्यांचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी असतं. तिथले सहायक आयुक्त (अन्न) हे प्रमुख, आणि प्रत्यक्ष तपासणीला येतात ते अन्न सुरक्षा अधिकारी. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 हा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे. वडापावच्या गाड्यापासून मोठ्या हॉटेलापर्यंत सगळे त्यात येतात.

अधिकारी काय बघतात?

- नोंदणी किंवा परवाना. त्यावर 14 अंकी नंबर असतो आणि तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा लागतो. लहान धंद्याच्या नोंदणीची फी वर्षाला फक्त 100 रुपये आहे.
- पाणी पिण्यायोग्य आहे का, त्याचा तपासणी अहवाल आहे का.
- कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली का.
- कच्चं आणि शिजलेलं अन्न वेगळं ठेवलंय का, झाकलंय का, फ्रीज नीट चालतो का.
- तळणाचं तेल. त्यातले 'पोलर' घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही.
- खायचे पदार्थ छापील वर्तमानपत्रात बांधून देतात का. त्याला मनाई आहे.

नमुना कसा घेतात?

अधिकारी साक्षीदारांसमोर नमुना घेतात आणि त्याचे बाजारभावाने पैसे देतात. नमुन्याचे चार भाग करून सील लावतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. त्याने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल पटला नाही तर हॉटेलवाल्याला 30 दिवसांत अपील करता येतं.

पुढे काय होतं?

स्वच्छतेत त्रुटी असेल तर आधी सुधारणा नोटीस मिळते. त्यात किमान 14 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही होऊ शकतो. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्यास 1 लाखापर्यंत आणि अन्न कमी दर्जाचं निघाल्यास 5 लाखांपर्यंत दंड आहे. लोकांच्या जिवाला लगेच धोका असेल तर धंदा तातडीने थांबवता येतो.

तक्रार त्याच दिवशी करा

इथेच बहुतेक लोक चुकतात. दोन-चार दिवसांनी तक्रार केली, तर तोवर त्या दिवशीची भाजी संपलेली असते, भांडी घासलेली असतात. मग अधिकारी नमुना घेणार कशाचा? म्हणून एफडीएच्या 1800-222-365 या टोल फ्री नंबरवर लगेच फोन करा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवरूनही तक्रार करता येते. हॉटेलचं नाव, गाव, खाल्लेला पदार्थ, वेळ आणि भिंतीवरचा 14 अंकी नंबर सांगा. बिल जपून ठेवा.

आजारी माणसाला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. केसपेपर जपून ठेवा. भेसळीच्या किंवा असुरक्षित अन्नाने इजा झाल्याचं सिद्ध झालं तर 1 लाखापर्यंत, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास किमान 5 लाख भरपाईची तरतूद कायद्यात आहे. त्या वेळी हेच कागद कामाला येतात.

ग्राहकाला स्वतः फी भरूनही पदार्थ तपासून घेता येतो. मात्र तसं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. अन्नात दोष निघाला तर भरलेली फी परत मिळते.