घराच्या गॅरेजमधील उंदीर, घूस आणि चिचुंद्री

बंगल्याच्या आवारातले गॅरेज केवळ गाडीपुरते क्वचितच उरते. रद्दीचे गठ्ठे, जुन्या गाद्या, कुत्र्याच्या खाण्याची पिशवी असे सगळे तिथे साठते आणि त्या आडोशाला उंदीर, घुशी, चिचुंद्र्या येतात. लोक या तिन्हींना सर्रास उंदीरच म्हणतात. पुढचा उपाय फसतो तो बहुधा यामुळेच.

चिचुंद्री (शास्त्रीय नाव : सन्कस म्युरिनस) उंदीर नव्हे, कृंतक म्हणजे कुरतडणारा प्राणीही नव्हे. ती कीटकभक्षी गणातली. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, बुडाशी जाड शेपूट, भिंतीच्या कडेने चिरचिरत पळणे आणि कस्तुरीसारखा उग्र दर्प यांवरून ती ओळखू येते. झुरळे व किडे हे तिचे मुख्य अन्न. पिल्ले आईला आणि एकमेकांना तोंडाने धरून आगगाडीसारखी रांगेने चालतात. वायर कुरतडल्याचा आळ तिच्यावर घेणे अन्यायाचे आहे. मात्र तिच्याकडूनही रोगजंतू पसरू शकतात. म्हणून तिला जिवंत पकडून बाहेर बागेत सोडावे.

खरे नुकसान कृंतकांचे. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणे त्यांना टळत नाही. गाडीच्या बॉनेटखाली ऊब आणि आडोसा दोन्ही मिळतात. काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो, त्याची शेपटी उरलेल्या अंगाहून लांब असते. घरातले चिमुकले उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतात. घूस बिळे करणारी. फरशीच्या कडेला भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की तिची शंका घ्यावी. मोठ्या जातीची घूस किलोभर वजनाचीही भरते.

पहिला उपाय फटी बुजवण्याचा. भोकात लोखंडी काथ्या कोंबून वर सिमेंट लावावे, शटरखाली पट्टी बसवावी, खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्यामुळे पिंजरा भिंतीला लागून ठेवावा, त्यात काही दिवस नुसते खाणे घालावे आणि मगच तो लावावा. पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवण्याची आपल्याकडची रीत क्रूर आहे, ती सोडली पाहिजे. गोंदाच्या फळ्याही तशाच : त्यांवर प्राणी तासन्‌तास तडफडतो, शिवाय पाल आणि चिचुंद्रीही अडकते.

पिवळ्या फॉस्फरसचे मलम घरात आणूच नये. ते माणसाच्या पोटात गेल्यास यकृत निकामी होते. रक्त गोठू न देणारी विषे उंदीर खाणाऱ्या घुबडापर्यंत पोचतात.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, त्यांवर ब्लीचचे पाणी शिंपडून पुसाव्यात. उंदरांच्या मूत्रातले लेप्टोस्पायराचे जंतू जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत या जंतूंमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती.

उंदरांच्या मागावर कधी धामणही येते. ती बिनविषारी असली तरी ओळख पटवायला जवळ जाऊ नये. सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धामण मारणे गुन्हा आहे.