ताडपत्रीखालचे 108 तास

हा घटनाक्रम कुण्या एका घरचा नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात दुधाच्या पैशावर चालणारी घरं पुष्कळ. परतीच्या पावसात त्यातल्या कुठल्याही घरी हे घडू शकतं. शून्य तास म्हणजे सकाळी सातचा चहा.

108 तास आधी. खळ्यावर मक्याच्या कणसांचा ढीग आणि आभाळ भरून आलेलं. दाण्यात ओल 20 टक्क्यांच्या वर. साठवायला ती 13च्या आसपास हवी. भरभर ताडपत्री ओढली जाते. माल वाचला म्हणून सगळे निवांत.

100. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे बीजाणू शेतातूनच कणसासोबत आलेले असतात. ओल मिळताच ते फुगतात, आणि अळीनं पोखरलेल्या दाण्यात तंतू शिरतो.

84. घात इथं होतो, आणि तो ताडपत्रीच करते. व्हेल्व्हेट नावाचं एक प्रथिन उजेडात बहुतांशी पेशीच्या केंद्रकाबाहेर राहतं. अंधारात ते आत जातं आणि वेल्बी, लेए या जोडीदारांना मिळतं. लेए 2004 मध्ये सापडलं. तिघांची ही युती 2008 मध्ये, अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या भाऊबंद बुरशीत. फ्लेव्हसमधलं व्हेल्व्हेटचं जनुक मोडलं, तर ती अफ्लाटॉक्सिन हे आपलं विष बनवतच नाही. म्हणजे पावसापासून राखताना आपण तिला ओल, ऊब आणि काळोख तिन्ही पुरवले.

60. एएफएलआर हे मुख्य जनुक जागं झालेलं. त्याच्या हुकमातली 25हून अधिक जनुकं गुणसूत्रावर एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी बसलेली आहेत. आधी नारिंगी रंगाचं नॉरसोलोरिनिक आम्ल, मग एकेक पायरी चढत अफ्लाटॉक्सिन बी-1. तापमान 30 अंशांच्या आसपास लागतं. 37 अंशांवर बुरशी जोमानं वाढते, पण विष जवळपास थांबतं. गारव्यानं दिलासा मिळतो हा समज इथं उलटा पडतो.

48. ऊन पडतं. ताडपत्री निघते, पिवळट हिरवी भुकटी दिसते. चांगली कणसं बाजूला, काळी-हिरवी जनावरांसाठी. टाकून कोण देतं?

24. भरडा गव्हाणीत. दळल्यानं किंवा शिजवल्यानं हे विष जात नाही.

13. संध्याकाळची धार. गाईच्या यकृतात बी-1चं एम-1 झालेलं असतं आणि ते दुधात उतरू लागतं. संकलन केंद्रावर फॅट लागते, एसएनएफ (फॅटखेरीजचे घनपदार्थ) लागतो, त्यावर भाव ठरतो. एम-1 तिथल्या यंत्राला दिसत नाही. कायद्यानं किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅमच चालतं. देशभरातल्या 6,432 नमुन्यांच्या सरकारी दूध सर्वेक्षणात 368 नमुने या मर्यादेबाहेर निघाले होते.

शून्य. चहा. पोराचा पेला. कुणालाही काही होत नाही.

1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात लोकांनी असा मका स्वतःच खाल्ला होता. किलोला 6 ते 15 मिलिग्रॅम विष. 397 जण कावीळ, जलोदरानं आजारी पडले, 106 दगावले. त्या घरांतली कुत्रीही गेली. दुधातली मात्रा त्यापुढे नगण्य, पण ती रोजची असते, आणि अफ्लाटॉक्सिननं यकृताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. हिपॅटायटिस बी असलेल्याला धोका कितीतरी पट.

भरडा बंद केला, तर तीन-चार दिवसांत दूध निर्मळ होतं. अजून दोन पोती शिल्लक आहेत.