वसंतातला वारा आणि शतकभर साठलेले इंधन

१/
एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आभाळ निरभ्र असते, ऊन उबदार असते आणि वारा थांबत नाही. पाहुण्याला हा ऋतू सुखद वाटतो. तेथील रहिवाशांना तो वणव्यांचा हंगाम म्हणून ठाऊक आहे. १९५०, २००० आणि २०२२ या तीन वर्षांच्या वसंतात येथे पेटलेल्या वणव्यांचा हा इतिहास. त्यांपैकी शेवटचे दोन सरकारनेच लावलेल्या आगींतून उद्भवले.

२/
रॉकी पर्वताची दक्षिणेकडील रांग म्हणजे सांग्रे दे क्रिस्तो. तिच्या पूर्व पायथ्याशी डोंगर संपतात आणि ग्रेट प्लेन्सची विस्तीर्ण मैदाने सुरू होतात. या सीमेवर लास व्हेगास नावाचे जुने गाव वसले आहे. नेवाडा राज्यातील प्रसिद्ध शहर वेगळे. हे गाव त्याच्यापेक्षा कितीतरी जुने, १८३५ सालचे.

३/
वसंतात उंचावरील पश्चिमी वारे अद्याप जोरात असतात, तर जमीन दुपारी तापू लागलेली असते. तापलेली हवा वर चढते आणि वरचा वेगवान वारा खाली ओढला जातो. डोंगर ओलांडून उतरणारी कोरडी हवा दर हजार मीटरला सुमारे १० अंश सेल्सियसने तापते व आणखी शुष्क होते. गतवर्षीचे गवत वाळलेले असते, नवे पुरते उगवलेले नसते. मॉन्सून तेथेही आहे, पण तो जुलैच्या सुमारास येतो.

४/
हा वारा नवा नाही. मग पूर्वी ही वने कशी टिकली? त्याचे उत्तर पाँडेरोसा पाइनच्या खोडांत आहे. वृक्षवलयांत जळल्याच्या खुणा राहतात आणि वलये मोजून आगीचे वर्ष काढता येते. या नोंदी सांगतात की पूर्वी या वनांतून साधारण दर ५ ते २५ वर्षांनी एक लहान आग फिरून जाई. ती गवत, पाचोळा आणि कोवळी रोपे जाळी; जाड सालीची मोठी झाडे वाचत.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खुणा अचानक थांबतात. १८७९ मध्ये रेल्वे लास व्हेगासला पोहोचली. लोकर आणि मांस दूरच्या बाजारांत जाऊ लागले, मेंढ्या व गुरांचे कळप वाढले. आग पसरवणारे गवत जनावरांनी खाल्ले. लहान आगी बंद झाल्या, त्या प्रथम कोणत्याही धोरणामुळे नव्हे, तर चराईमुळे.

६/
धोरण नंतर आले. अमेरिकेची वनसेवा १९०५ मध्ये स्थापन झाली. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो व मोंटाना राज्यांत दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या धक्क्यातून प्रत्येक आग शत्रू ठरली. १९३५ मध्ये नियम झाला: आगीची वर्दी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे.

७/
मे १९५०. न्यू मेक्सिकोच्या कॅपिटन पर्वतात जोरदार वाऱ्यात वणवा भडकला. आग विझवणारे २४ जण ज्वालांत अडकले. दरड कोसळून उघड्या पडलेल्या दगडांवर पालथे पडून राहिल्याने ते वाचले. तेथेच पंजे भाजलेले अस्वलाचे एक पिल्लू सापडले. स्मोकी हे वनसेवेचे चित्ररूप अस्वल १९४४ पासूनच होते. आता ते नाव या जिवंत पिल्लाला मिळाले आणि त्याची रवानगी वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात झाली.

८/
स्मोकी इतका लोकप्रिय झाला की मुलांच्या पत्रांसाठी त्याला स्वतंत्र पिनकोड द्यावा लागला. वणवा टाळणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, हा त्याचा संदेश चुकीचा नव्हता. पण विझवलेल्या प्रत्येक लहान आगीमागे काड्याकाटक्या, पाचोळा आणि दाटीने वाढलेली रोपे मागे राहत गेली. जेथे एकरी काही डझन झाडे होती, तेथे शेकडो झाली. त्यांच्या फांद्या शिडीसारख्या: जमिनीवरची आग त्यांवरून शेंड्यापर्यंत चढते.

९/
हे ध्यानात आल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचार बदलला. योग्य दिवस निवडून, जाळरेषा आखून मुद्दाम छोटी आग लावायची आणि साठलेले इंधन कमी करायचे, अशी पद्धत रूढ झाली. उपाय शास्त्रशुद्ध होता. अडचण एकच होती: शतकभराच्या साठ्यात ठिणगी टाकायची आणि वरून वसंताचा वारा.

१०/
४ मे २००० रोजी राष्ट्रीय उद्यान सेवेने बँडेलियर येथे अशी आग लावली. ती जाळरेषेबाहेर गेली आणि १० मे रोजी वाऱ्यासोबत लॉस अलामॉस गावात शिरली. पहिला अणुबॉम्ब घडवणारी प्रयोगशाळा येथेच आहे. हजारो लोकांना घरे सोडावी लागली. ४०० हून अधिक कुटुंबे बेघर झाली. सरकारने दोष मान्य केला आणि काँग्रेसने भरपाईचा कायदा केला.

११/
६ एप्रिल २०२२ रोजी लास व्हेगासजवळ वनसेवेने लावलेली आग हातातून निसटली. दुसरीकडे, जानेवारीत जाळलेल्या लाकडांच्या ढिगाऱ्यांत निखारे बर्फाखाली धुमसत राहिले होते. तेही एप्रिलमध्ये भडकले. २२ एप्रिलच्या वादळी वाऱ्यात दोन्ही वणवे एक झाले. ३,४१,००० एकरांहून अधिक प्रदेश जळाला. न्यू मेक्सिकोच्या नोंदलेल्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वणवा.

१२/
येथील स्पॅनिशभाषक कुटुंबे मेक्सिकोच्या राजवटीतील जमीन-सनदांपासून या दऱ्यांत राहत आली आहेत. १८४८ मध्ये हा मुलूख अमेरिकेकडे गेला. पुढे सनदांतील बऱ्याच सामाईक जमिनी खटल्यांत आणि सट्टेबाजांच्या व्यवहारांत गेल्या. उत्तर न्यू मेक्सिकोतील अशा काही जमिनी आज राष्ट्रीय वनांत आहेत. ज्यांच्या पूर्वजांचा जंगलावरचा हक्क गेला, त्यांचीच घरे आता सरकारी आगीत गेली. तेथील संतापाला हा इतिहास होता.

१३/
वणवा विझल्यावरही हानी थांबली नाही. मॉन्सूनचे पाणी उघड्या उतारांवरून राख घेऊन उतरले. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र येऊन राखत आलेले पाट गाळाने भरले. लास व्हेगासला पाणी पुरवणारी गॅलिनास नदी गढूळ झाली. काँग्रेसने २०२२ मध्ये भरपाईसाठी सुमारे ४ अब्ज डॉलर मंजूर केले. पण शंभर वर्षांच्या झाडाची किंमत कोणत्या हिशेबात धरायची, हा वाद पैशाने मिटला नाही.

१४/
वनसेवेने देशभर अशा आगी ९० दिवस थांबवल्या आणि चौकशी केली. निष्कर्ष असा की जंगल अंदाजापेक्षा कितीतरी अधिक कोरडे होते. स्थगिती संपल्यावर आगी पुन्हा लावल्या जाऊ लागल्या, कारण न लावल्यास इंधन साठतच राहते. राखेत हात घालून ती थंड झाली की नाही हे चाचपून पाहणे, ही आग विझवणाऱ्यांची जुनी रीत. बर्फाखाली तीन महिने जिवंत राहिलेल्या निखाऱ्यांनंतर तिचे मोल न्यू मेक्सिकोत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.