लंडनच्या डॉकलँड्समध्ये पाण्यासमोर फ्लॅट विकत घेतला, तरी मालक दुसराच का असतो?

लंडनचे रील्स बघताना एक फ्रेम हमखास येते. काचेचे उंच टॉवर, मध्ये शांत पाणी, पाण्यावर छोटे पूल आणि वरून सरकत जाणारी बिनड्रायव्हरची ट्रेन. खाली लोकेशन लिहिलेलं असतं, कॅनरी व्हार्फ. इथे पाण्यासमोर वन बीएचके असणं म्हणजे लाईफ सेट, असं बघणाऱ्याला वाटतं.

पण अशाच टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेले लोक गेल्या काही वर्षांत बॅनर घेऊन रस्त्यावर उतरले. अनेकांना फ्लॅट विकता येत नव्हता, दुरुस्तीची बिलं भरता येत नव्हती, आणि बिल्डिंगचा निर्णय कोण घेतंय यावर त्यांचा काहीच कंट्रोल नव्हता. कारण लाखो पौंड मोजूनही कायद्याच्या भाषेत ते मालक नाहीत. ते लांब मुदतीचे भाडेकरू आहेत.

हा विषय समजून घ्यायचा तर आधी ही जागा कोणाची होती ते बघावं लागेल.

पूर्व लंडनमध्ये थेम्स नदी इंग्रजी 'यू'सारखं मोठं वळण घेते. त्या वळणात अडकलेल्या जमिनीला आयल ऑफ डॉग्स म्हणतात. नावात कुत्रे का आले, याच्या चार वेगवेगळ्या कथा आहेत आणि एकीचाही पक्का पुरावा नाही. मुळात ही दलदल. काठावर पवनचक्क्या होत्या, त्यावरून एका भागाचं नाव मिलवॉल पडलं. १८०२ मध्ये इथे वेस्ट इंडिया डॉक सुरू झाला. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या कष्टातून तयार झालेली साखर आणि रम इथे उतरायची. चार वर्षांनी शेजारच्या ब्लॅकवॉलमध्ये ईस्ट इंडिया डॉक उघडला. तिथे येणाऱ्या जहाजांचा आपल्याशी काय संबंध होता, हे नावावरूनच कळतं.

जवळपास दीडशे वर्षं हे डॉक जोरात चालले. मग कंटेनर आले. पूर्वी पोती, पेट्या, पिंपं माणसं उतरवायची, आता क्रेन एका झटक्यात अख्खा डबा उचलू लागली. कंटेनरची जहाजं मोठी, त्यांना खोल पाणी आणि प्रचंड मोकळी जागा लागायची. जुन्या डॉकमध्ये दोन्ही नव्हतं. काम नदीच्या मुखाकडे टिलबरीला सरकलं. १९६७ ला ईस्ट इंडिया डॉक बंद झाला, १९८० ला वेस्ट इंडिया आणि मिलवॉल, आणि १९८१ ला रॉयल डॉक्सना कुलूप लागलं. बाप डॉकमध्ये, पोरगा डॉकमध्ये, असं पिढ्यानपिढ्या चाललेल्या घरांचा रोजगार पंधरा वर्षांत संपला.

पण इथली माणसं गप्प बसणारी नव्हती. आपल्या भागाकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून १९७० मध्ये त्यांनी आयल ऑफ डॉग्स 'स्वतंत्र' झाल्याचं जाहीर केलं आणि आत येणारे रस्ते काही तास अडवून धरले. वृत्तपत्रांना मस्त बातमी मिळाली. मागण्या मात्र साध्या होत्या, बस द्या, शाळा द्या, सोयी द्या.

१९८१ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने उत्तर काढलं, पण वेगळंच. मंत्री मायकल हेसेलटाईन यांच्या पुढाकाराने लंडन डॉकलँड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन स्थापन झालं. सुमारे २२ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी द्यायचा अधिकार निवडून आलेल्या स्थानिक कौन्सिलकडून काढून या सरकारनियुक्त संस्थेला देण्यात आला. सार्वजनिक मालकीची बरीचशी जमीन तिच्या ताब्यात आली. तिने ती साफ केली, रस्ते टाकले आणि डेव्हलपर्सना विकली. १९८२ मध्ये आयल ऑफ डॉग्सला एंटरप्राईज झोन केलं, म्हणजे धंद्यांना दहा वर्षं स्थानिक कर माफ. १९८७ मध्ये डॉकलँड्स लाईट रेल्वे धावली. कॅनडाच्या ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनीने कॅनरी व्हार्फ उभारायला घेतलं, ५० मजल्यांचा वन कॅनडा स्क्वेअर १९९१ मध्ये तयार झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. टॉवर उभा, आत माणसं नाहीत. गाडी रुळावर यायला १९९९ ची ज्युबिली लाईन यावी लागली. तिचं कॅनरी व्हार्फ स्टेशन चक्क डॉकमधलं पाणी उपसून त्या खड्ड्यात बांधलंय.

घरांचं काय झालं? १९८१ मध्ये या पट्ट्यात सुमारे ३९ हजार लोक राहायचे आणि त्यातले बहुतेक कौन्सिलच्या भाड्याच्या घरात. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे शंभरात जेमतेम पाच. १९९८ मध्ये कॉर्पोरेशन गुंडाळलं तोवर सुमारे २४ हजार नवी घरं झाली होती आणि लोकसंख्या दुपटीच्या पुढे गेली होती. बांधकाम तिथे थांबलं नाहीच. डॉकलँड्सचा मोठा भाग ज्या टॉवर हॅम्लेट्स बरोमध्ये येतो, तिथली लोकसंख्या २०११ ते २०२१ या दहा वर्षांत २२ टक्क्यांनी वाढली. इंग्लंडमध्ये इतकी वाढ कुठेच झाली नाही. देशातला सगळ्यात दाट वस्तीचा भागही हाच.

म्हणजे घरं भरपूर आली. आता ती कोणत्या अटींवर आली, ते बघू.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट जवळपास नेहमीच 'लीजहोल्ड'वर विकला जातो. जमीन आणि इमारत एका फ्रीहोल्डरची. तुम्ही विकत घेता तो ९९, १२५, २५० किंवा ९९९ वर्षं तिथे राहण्याचा हक्क. मुदत संपली की फ्लॅट फ्रीहोल्डरकडे परत. ९९ वर्षं ऐकायला खूप वाटतात, पण बिल्डिंग १९८८ ची असेल तर आत्ताच साठेक उरलीत. मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून घेण्याचा खर्च एकदम चढतो आणि कमी मुदतीच्या घराला बँका कर्ज द्यायला कुरकुरतात.

त्यावर ग्राउंड रेंट. कोणत्याही सेवेच्या बदल्यात नाही, नुसतं जमिनीचं भाडं. काही करारांत ते ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जायचं. आणि तिसरा आकडा सर्व्हिस चार्जचा. लिफ्ट, साफसफाई, विमा, रिसेप्शनवरचा माणूस, जिम, सगळं त्यात. हे काम कोणत्या कंपनीला द्यायचं, ते बहुतेक वेळा फ्रीहोल्डर ठरवतो. बिल मात्र फ्लॅटवाल्यांच्या नावावर.

आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सवरून जी भांडणं होतात, ती आठवा. सेक्रेटरी आवडत नसेल तर पुढच्या निवडणुकीत पाडता येतो. हिशोब मागता येतो. वॉटरप्रूफिंगचं कंत्राट कोणाला द्यायचं यावर तीन तास वाद घालता येतो. डॉकलँड्समधल्या बहुतेक टॉवर्समध्ये ही भांडायची हक्काची जागाच मुळात नाही. 'राईट टू मॅनेज' नावाची सोय २००२ च्या कायद्यात आहे, पण त्यासाठी किमान निम्म्या फ्लॅटधारकांनी एकत्र यावं लागतं. ज्या टॉवरमध्ये अर्धे फ्लॅट गुंतवणूकदारांचे, मालक सिंगापूर किंवा हाँगकाँगमध्ये आणि आत भाडेकरू, तिथे निम्मे लोक शोधायचे कुठून?

ही व्यवस्था किती महागात पडू शकते ते १४ जून २०१७ नंतर कळलं. पश्चिम लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ जण गेले. बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या ज्वलनशील पत्र्यांमुळे आग पसरली होती. मग देशभर तपासण्या सुरू झाल्या आणि तसेच किंवा त्याच्या जवळपास जाणारे पत्रे शेकडो इमारतींवर निघाले. त्यात नदीकाठचे चकचकीत टॉवरही होते.

पुढे जे झालं ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस-१ नावाचा फॉर्म आला. बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंती सुरक्षित आहेत असं तज्ज्ञाने त्यावर लिहून द्यायचं. फॉर्म नसेल तर बँका फ्लॅटची किंमत शून्य धरू लागल्या. म्हणजे विकता येईना, नवं कर्ज मिळेना. दुसरीकडे आग लागली तर सगळ्यांना उठवायला चोवीस तास फिरणारे पहारेकरी नेमले गेले आणि त्यांचा पगार बहुतेक ठिकाणी सर्व्हिस चार्जमधून निघाला. पत्रे बदलायचा खर्चही लीजधारकांवर येऊ लागला. पत्रे लावले बिल्डरने, परवानगी दिली यंत्रणेने आणि बिल आलं नवरा-बायकोच्या पगारातून हप्ता भरणाऱ्या घराला. ७ मे २०२१ ला ब्लॅकवॉलच्या न्यू प्रॉव्हिडन्स व्हार्फ या नदीकाठच्या इमारतीत आग लागली, तेव्हा ग्रेनफेलसारखे पत्रे तिथे अजून होतेच. शिवाय धूर बाहेर काढणारी यंत्रणा नीट चालली नाही, असं फायर ब्रिगेडच्या तपासात दिसलं.

२०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने थोडा दिलासा दिला. ११ मीटरपेक्षा उंच किंवा किमान पाच मजली इमारतींतल्या 'पात्र' लीजधारकांना पत्र्यांचा खर्च माफ झाला. इतर धोकादायक दोषांच्या खर्चाला मर्यादा आली, लंडनमध्ये साधारणपणे १५ हजार पौंड, तीही दहा वर्षांत विभागून. पण 'पात्र' हा शब्द महत्त्वाचा. फ्लॅट स्वतः राहायचं मुख्य घर नसेल आणि नावावर तीनपेक्षा जास्त घरं असतील, तर हे संरक्षण तसंच मिळत नाही. त्याहून बुटक्या इमारती तर यातून बाहेरच राहिल्या.

कमी पगारवाल्यांसाठी 'शेअर्ड ओनरशिप' आहे. फ्लॅटचा पाव हिस्सा विकत घ्या, उरलेल्यावर भाडं द्या. ऐकायला छान आहे. पण हिस्सा पाव असला तरी सर्व्हिस चार्ज सहसा पूर्ण भरावा लागतो. २०१४ च्या सुमारास लंडनमध्ये 'पुअर डोअर'वरून मोठा वाद झाला, तो याच प्रकारच्या घरांचा. एकाच इमारतीत महागड्या फ्लॅटवाल्यांना झगमगीत लॉबी आणि परवडणाऱ्या घरांतल्या लोकांना मागच्या गल्लीतून दार.

हीटिंगची गोष्ट वेगळीच. अनेक नव्या टॉवर्समध्ये घरात स्वतंत्र बॉयलर नसतो, एका मध्यवर्ती प्लांटमधून गरम पाणी पाईपने येतं. याला हीट नेटवर्क म्हणतात. कंपनी बदलता येत नाही. २०२२ मध्ये गॅस महागला तेव्हा साध्या घरांना सरकारी दरमर्यादेचं छत्र होतं, या नेटवर्कवरच्या घरांना ती मर्यादा लागू नव्हती.

मग लोक इथे राहतात कशासाठी? कारण तोटे कागदावर आहेत आणि फायदे रोज दिसतात. २०२२ मध्ये एलिझाबेथ लाईन सुरू झाल्यापासून कॅनरी व्हार्फहून मध्य लंडन काही मिनिटांवर आलंय. ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर. बँका आणि आयटीत नोकरीला गेलेल्या भारतीयांना म्हणूनच हा भाग सोयीचा वाटतो. पाणी आहे, आकाश आहे. भरतीच्या वेळी नदीची पातळी इथल्या बऱ्याच जमिनीपेक्षा वर असते, पण काठाच्या भिंती आणि १९८२ पासून कामाला लागलेला थेम्स बॅरियर हा भाग कोरडा ठेवतात. टॉवर्सच्या पायथ्याशी जो वारा घुमतो, त्यात छत्री टिकवणं मात्र ज्याचं त्याने बघावं.

आणि टॉवर्सच्या सावलीत मडशूट आहे. मिलवॉल डॉकमधून काढलेला गाळ टाकून तयार झालेली ही ३२ एकर जागा. १९७०च्या दशकात तिथे उंच इमारती बांधायचा प्लॅन होता. स्थानिकांनी लढून तो थांबवला आणि १९७७ मध्ये तिथे शेत-फार्म सुरू झालं. आज मेंढ्या चरतात आणि मागे बँकांचे बोर्ड दिसतात. या अख्ख्या भागातली सगळ्यांना फुकट वापरता येणारी सगळ्यात छान जागा प्लॅनमध्ये नव्हती, ती भांडून मिळवलेली आहे. त्याउलट कॅनरी व्हार्फचे चौक आणि रस्ते खाजगी मालकीचे आहेत. २०११ मध्ये ऑक्युपाय आंदोलक तिथे येऊ नयेत म्हणून मालकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता.

कायदा हळूहळू हलतोय. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट घेता येत नाही. २०२४ च्या कायद्यात लीज ९९० वर्षांनी वाढवायची तरतूद आली, पण ती लगेच लागू झाली नाही आणि मोठे फ्रीहोल्डर कोर्टात गेले. 'कॉमनहोल्ड' म्हणजे आपल्या सोसायटीसारखी, सगळ्या फ्लॅटधारकांच्या मालकीची पद्धत २००४ पासून उपलब्ध आहे, तरी ती स्वीकारलेल्या वसाहती वीसेकच. बिल्डरला ग्राउंड रेंट सोडून ती का आवडेल?

आपणही फार हसायला नको. महाराष्ट्रात सोसायटी झाली तरी बिल्डर जमीन नावावर करून देत नाही, म्हणून २००८ मध्ये डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्याचा विकास कसा करायचा, यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली होती आणि ती चर्चा आजही सुरू आहे. ती जमीनसुद्धा सार्वजनिकच आहे.

लंडनला शिफ्ट होणारं कोणी ओळखीतलं अशा टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायचा विचार करत असेल, तर व्ह्यूच्या आधी चार कागद मागायला सांगा. लीजची उरलेली वर्षं, गेल्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्जचा हिशोब, ईडब्ल्यूएस-१ फॉर्म आणि हीटिंगचं मागच्या हिवाळ्यातलं बिल.