भोक्ता, खवय्या आणि सुगरण

'खादाड' आणि 'खवय्या' हे दोन्ही शब्द खाण्याची आवड असलेल्या माणसाचेच निदर्शक. पण पहिल्यात उपहास आहे, दुसऱ्यात कौतुक. कोणाच्या जिभेला जाणकारीचा मान द्यायचा, हे प्रत्येक काळाने आपल्या समाजरचनेनुसार ठरविले आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथातील 'अन्नभोग' प्रकरणात रसज्ञ भोक्ता हा राजाच आहे. तेथे धान्याच्या पदार्थांबरोबर मांसाचे, एवढेच नव्हे तर रक्ताचे आणि आतड्यांचेही पदार्थ सांगितले आहेत. जिव्हासुख हा राजवैभवाचाच एक भाग होता. पुढे संतपरंपरेने जिव्हासंयमाला मूल्य मानले आणि भोक्त्याची ही प्रतिष्ठा संशयास्पद ठरली.

युरोपात राज्यक्रांतीनंतर ग्रिमो द ला रेनिएर (१८०३ पासून) आणि ब्रिया-सावारँ (१८२५) यांच्या लेखनातून रसज्ञता नागर मध्यमवर्गाची झाली. उपाहारगृह हे तिचे क्षेत्र बनले. मराठीत हे स्थित्यंतर मुख्यतः घरच्या स्वयंपाकघराभोवती घडले. 'सूपशास्त्र' (१८७५) आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' (१९१०) यांनी पाककृती छापील केल्या. पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखाने मध्यमवर्गीय, बहुश्रुत आणि स्वतःलाही हसणाऱ्या खवय्याला वाङ्मयीन रूप दिले. मात्र या प्रतिमेत एक श्रमविभागणी गृहीत आहे : रांधणारी ती 'सुगरण', दाद देणारा तो 'खवय्या'. 'खवय्या'चे स्त्रीलिंगी रूप भाषेत रुळले नाही, ही बाब बोलकी आहे. दुर्गा भागवतांचे 'खमंग' या दृष्टीने अपवादात्मक ठरते. तेथे विदुषी स्वतःच रसज्ञ आहे.

या परंपरेला मूलगामी प्रश्न विचारला तो शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ही नोंद रक्त, आतडी आणि वाळवलेले मांस यांच्या पाकक्रिया सांगते. प्राणी सगळे तेच नसतील. परंतु कल्याणीच्या राजाच्या ताटात जे रक्त आणि आतडी राजभोग ठरली, तीच त्या कल्याणीच्या शेजारच्या प्रदेशात जातीची खूण ठरली. पदार्थाला प्रतिष्ठा मिळते ती खाणाऱ्याच्या स्थानामुळे. म्हणून रसज्ञाच्या प्रतिमेचा तौलनिक इतिहास लिहिताना, 'खवय्या' या शब्दाने कोणाला सामावले याबरोबरच कोणाला वगळले, हेही विचारावे लागेल.