दगड की हत्यार?

परवा धाकटा नातू कन्हानच्या पात्रातून खिसाभर दगड घेऊन आला. त्यातला एक माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "आजोबा, ही आदिमानवाची कुऱ्हाड आहे ना?" आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा सातवीचा वर्ग आठवला.

एका मुलानं शेतातून तळहाताएवढा, बदामाच्या आकाराचा दगड आणला होता. दोन्ही बाजूंनी टवके उडालेला. मी म्हणालो, "अरे, रस्त्याची गिट्टी आहे ही, फेक बाहेर." वर्ग हसला. त्यानं मुकाट्यानं फेकला. अश्मयुग मी पुस्तकातूनच शिकवत होतो हो!

निवृत्तीनंतर जरा वाचन केलं. नदीत आपटून फुटलेल्या दगडावर घाव कुठेही, कसेही असतात. माणूस कडेची जागा पाहून मारतो. निघालेल्या कपचीवर, मार बसला त्याच्या लगेच खाली फुगवटा येतो आणि पुढे पाण्यात खडा टाकल्यासारख्या लाटा. पण गिट्टीच्या मशीनमध्येही असा फुगवटा येऊ शकतो. ब्राझीलमधली माकडंसुद्धा दगडावर दगड आपटून धारदार कपच्या पाडतात, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा एका खुणेवर भागत नाही. एकमेकांवर चढलेले घाव आणि त्यातून दोन्हीकडून साधलेली धार दिसायला हवी. घावाचा रंगही बघायचा. ताजा फुटलेला भाग वेगळा उठून दिसतो, जुना घाव बाकी दगडासारखाच कळकट झालेला असतो.

आपल्या नागपूरभोवतीची शिळावर्तुळं माणसानं मांडली हे गुराख्यालाही कळतं. ती बरीच अलीकडची, लोहयुगातली. टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेलेले स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच) ४ सप्टेंबर १८६३ ला परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. त्याच वर्षी ३० मे रोजी मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मुरमाच्या खड्ड्यातून एक दगड उचलला आणि भारतातलं अश्मयुग उजेडात आलं. म्हणजे खडी-मुरमातलाच दगड की! फूट भूवैज्ञानिक होते, त्यांनी तो फेकला नाही.

आपल्या विदर्भातही चंद्रपूरच्या पापामिया टेकडीवर अशी हत्यारं मिळाली आहेत. तिथे एकच दगड नाही, पुष्कळ आहेत, आणि हीच मोठी खूण. सुटा दगड फसवतो. तो कुठल्या थरात होता, सोबत कपच्या होत्या का, हे कळलं तर तो बोलतो.

त्या मुलाला मी शेत कुठलं एवढंही विचारलं नव्हतं. आज तो दगड कुणी आणून दिला तरी अर्धी गोष्ट गेलेलीच आहे.

नातवाचा दगड नदीनंच घासलेला निघाला, एक टवका तेवढा ताजा. तो हिरमुसला. पण बाकीचे खिशातले दगड आम्ही ओट्यावर मांडले, प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवली आणि कुठे उचलला ते त्याच्याकडून लिहून घेतलं. दोन चिठ्ठ्यांवर त्यानं "आठवत नाही" लिहिलंय.